पिल्लाचे कुरतडणे आणि घरातले वागणे : मुंबईकर श्वानपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत पिल्लू येते ते बहुधा चारपाचशे चौरस फुटांच्या घरात. तिथे चपलांचा रॅक दारातच असतो, चार्जरच्या वायरी जमिनीलगत लोंबत असतात आणि घरातली मोठी माणसे सकाळी आठला बाहेर पडून संध्याकाळी उशिरा परततात. पिल्लाच्या वागण्याविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या मांडणीत असते, पिल्लाच्या स्वभावात क्वचितच असते. म्हणून पुढील उत्तरांत पिल्लाला शिकवण्याइतकाच भर घर आणि दिनक्रम बदलण्यावर दिलेला आढळेल.

पिल्लू दिसेल ते का कुरतडते?

रांगते बाळ हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालते, तसेच पिल्लू जगाची ओळख तोंडाने करून घेते. त्यात दात येण्याची शिवशिव असते, कंटाळा असतो, भूक असते आणि पुष्कळदा निव्वळ गंमतही असते. चघळल्याने कुत्र्याला शांत वाटते, त्यामुळे ही सवय पुरती मोडून काढण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, आणि माझ्या मते तो अन्यायकारकही आहे. आपल्या हातात एवढेच असते की, चघळण्यासाठी योग्य वस्तू सतत उपलब्ध ठेवाव्यात आणि अयोग्य वस्तू तोंडापर्यंत पोहोचूच देऊ नयेत. ज्या गोष्टीत मजा आली ती पिल्लू पुन्हा करते. गादीतला कापूस उपसण्याची मजा एकदा कळली की दुसऱ्या दिवशी ते थेट गादीकडेच जाते, म्हणून पहिली संधी टाळण्याला फार महत्त्व आहे.

दात येण्याचा काळ किती असतो? हे आपोआप थांबते का?

पिल्लाला २८ दुधाचे दात असतात आणि ते साधारणपणे तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येऊन पूर्ण होतात. मधल्या काळात हिरड्या दुखतात, खेळण्यावर थोडे रक्त दिसते, फरशीवर तांदळाएवढा दात सापडतो. या सर्व गोष्टी स्वाभाविक आहेत. दुधाचा सुळा पडलेला नसतानाच त्याच्या शेजारी कायमचा सुळा उगवलेला दिसला, तर मात्र पशुवैद्यांना दाखवावे. लहान जातींच्या कुत्र्यांत हे अधिक आढळते आणि दातांची ठेवण त्यामुळे बिघडते.

दात पूर्ण आले की कुरतडणे थांबेल, ही आशा बहुतेकांना असते आणि ती अर्धीच खरी ठरते. सातव्या-आठव्या महिन्यानंतर जबड्यात ताकद येते, अंगात रग असते, आणि चघळण्याचा दुसरा जोरदार काळ सुरू होतो. तो वर्ष-दीड वर्षापर्यंत चालू शकतो. पहिल्या काळात जे पिल्लू स्वतःचे खेळणे शोधायला शिकले, ते दुसऱ्या काळात सोफ्याकडे फारसे वळत नाही.

मग त्याला चघळायला द्यावे तरी काय?

सर्वांत उपयुक्त वस्तू म्हणजे आतून पोकळ असलेले जाड रबरी खेळणे. त्यात दहीभात, उकडलेले रताळे किंवा लाल भोपळा कुस्करून भरावा आणि खेळणे रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावे. पिल्लू जिभेने आणि दातांनी ते थोडे थोडे बाहेर काढत बराच वेळ एका जागी बसते, आणि मुंबईच्या उकाड्यात गार वस्तू हिरड्यांनाही बरी वाटते. भातात मीठ, फोडणी, कांदा आणि लसूण यांपैकी काहीही नसावे. जाडजूड अख्खे गाजर गोठवून देता येते. जुना पंचा ओला करून, पीळ घालून, गोठवून दिला तरी चालतो, पण तो चघळताना आपण समोर बसावे आणि धागे सुटू लागले की तो काढून घ्यावा.

सर्व खेळणी एकदम समोर टाकू नयेत. तीनचार बाहेर ठेवावीत, बाकीची कपाटात, आणि दर दोनतीन दिवसांनी ती बदलावीत. जुनेच खेळणे कपाटातून बाहेर आले की पिल्लाला ते नवे वाटते आणि पैसेही वाचतात.

जुनी चप्पल किंवा फाटका मोजा खेळायला देण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. ती ताबडतोब बंद करावी, कारण जुनी चप्पल आपली आणि नवी चप्पल बाबांची हा भेद कोणत्याही पिल्लाला समजत नाही.

कोणत्या वस्तू चघळायला देऊ नयेत?

रविवारच्या मटणातली नळी सर्वप्रथम बाजूला काढावी. शिजवलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार चिरफळ्या निघतात, आणि नळीचे गोल तुकडे खालच्या जबड्यात अडकून बसल्याची उदाहरणे पशुवैद्यांना चांगली परिचयाची आहेत. गाठी मारलेली कातड्याची हाडे दुकानात सर्रास मिळतात. ती भिजून फुगतात आणि त्यांचा मोठा तुकडा घशात अडकू शकतो. हिमालयातील याकच्या दुधाची छुर्पी, म्हणजे सुकवलेल्या चीजची कांडी, सध्या लोकप्रिय आहे, परंतु ती इतकी टणक असते की कोवळ्या दाताचा टवका उडू शकतो. साधी परीक्षा अशी : वस्तूवर अंगठ्याचे नख जोराने दाबावे, खूण अजिबात उमटत नसेल तर ती वस्तू पिल्लासाठी फार कडक आहे.

मुंबईत दोन हंगामी धोके आहेत आणि त्यांची चर्चा पुरेशी होत नाही. मे महिन्यात आंब्याच्या कोयी आणि पावसाळ्यात रस्त्याकडेला फेकलेली भाजलेल्या कणसांची बुरकुंडे. दोन्हींना गोड किंवा खमंग वास असतो, दोन्ही पोटात पचत नाहीत, आणि आतड्यात अडकल्यास शस्त्रक्रियेवाचून बाहेर येत नाहीत. पावसाळ्यात वरळी सी फेस, मरीन ड्राइव्ह किंवा दादर चौपाटीच्या बाजूला फिरताना पिल्लाचे नाक जमिनीला लागले की आपले डोळेही तिथेच असावेत.

पिल्लाने चप्पल पळवली आहे. त्या क्षणी नेमके काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे, कारण चुकीची सवय बहुधा याच क्षणी लागते. समजा, पिल्लू कोल्हापुरी चप्पल घेऊन सोफ्याखाली शिरले आहे (कातड्याच्या वासामुळे कोल्हापुरीला मागणी जास्त) आणि बाहेर फक्त हलणारी शेपूट दिसते आहे. घरातले तिघे जण ओरडत सोफ्याभोवती जमले, की पिल्लाच्या दृष्टीने दिवसभरातला सर्वांत रंगलेला खेळ सुरू होतो. उद्या लक्ष वेधून घ्यायचे झाले तर काय पळवावे, हे त्याला त्यातून नेमके समजते.

त्याऐवजी पाठलाग न करता, न ओरडता, थोड्या अंतरावर जमिनीवर बसावे. हातात उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा घ्यावा आणि त्याचा वास पिल्लापर्यंत पोहोचू द्यावा. चप्पल सोडण्यासाठी तोंड उघडताच, त्याच क्षणी, एकदाच आणि साध्या आवाजात ‘सोड’ म्हणावे आणि तुकडा द्यावा. लगेच दुसरा तुकडा चपलेपासून चारपाच फुटांवर टाकावा, म्हणजे पिल्लू तिकडे जाते आणि चप्पल झटापट न करता उचलता येते. मग त्याला त्याचे स्वतःचे खेळणे द्यावे आणि ते तोंडात घेताच कौतुक करावे.

एवढ्यावर शिकवणी पूर्ण होत नाही. घर शांत असताना, पिल्लाच्याच खेळण्यावर हा सराव दिवसातून दोनतीन वेळा, प्रत्येकी मिनिट-दोन मिनिटे करावा. सोडल्यावर खाऊ द्यावा आणि खेळणेही परत द्यावे. सोडले की आपली वस्तू कायमची जात नाही, उलट फायदाच होतो, ही खात्री पटलेले पिल्लू पुढे औषधाची गोळी किंवा बॅटरीचा सेल तोंडात असतानाही आपल्याजवळ येते. ज्याच्या जबड्यात बोटे घालून वस्तू वारंवार हिसकावल्या जातात, ते पिल्लू वस्तू पटकन गिळायला शिकते.

वस्तू तोंडात असताना पिल्लाचे अंग ताठ होत असेल, ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत असेल किंवा गुरगुरत असेल, तर हात पुढे करू नये. गुरगुरण्याबद्दल त्याला शिक्षाही करू नये, कारण चावण्यापूर्वी मिळणारी ती पूर्वसूचना आहे आणि ती दडपली गेली तर पुढच्या वेळी सूचना न मिळताच दात लागतात. अशा पिल्लासाठी जाणकाराची मदत लवकर घ्यावी.

आम्ही घरी आल्यावर पिल्लू कान पाडून कोपऱ्यात बसते. म्हणजे त्याला चूक कळलेली असते ना?

नाही. न्यूयॉर्कमधील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मालक खोलीबाहेर असताना काही कुत्र्यांनी मना केलेला खाऊ खाल्ला होता आणि काहींनी खाल्ला नव्हता. मात्र मालकांना दर वेळी खरी माहिती देण्यात आली नव्हती. कुत्र्याचा ‘अपराधी’ चेहरा त्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो चेहरा अधिक दिसत होता. कान पाडणे, नजर चुकवणे, ओठ चाटणे ही रागावलेल्या माणसाला शांत करण्याची देहबोली आहे. तीन तासांपूर्वी फाडलेल्या उशीचा आणि आताच्या ओरडण्याचा संबंध पिल्लाला लावता येत नाही. त्याच्या लक्षात राहते ते एवढेच, की आई दारातून आत आली की घरात काहीतरी भयंकर घडते.

थोडा मार दिल्याशिवाय कुत्रे ऐकत नाही, असे शेजारचे काका सांगतात.

काकांच्या पिढीत हीच पद्धत होती आणि तिच्यामागे लांडग्यांच्या कळपाविषयीची एक समजूत होती : कळपात एक दांडगा म्होरक्या बाकीच्यांना दाबून ठेवतो, म्हणून घरात माणसाने म्होरक्या व्हावे. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी १९९९ मधील आपल्या लेखात दाखवून दिले की निसर्गातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते. दांडगाईचे ते चित्र अनोळखी लांडगे एकत्र कोंडून केलेल्या निरीक्षणांतून आले होते.

व्यवहाराच्या बाजूनेही मार कुचकामाचा ठरतो. मार खाल्लेले पिल्लू कुरतडणे सोडत नाही, ते आपल्या पाठीमागे कुरतडते. शू केलेल्या जागी नाक घासणे, वर्तमानपत्राची गुंडाळी मारणे, पाठीवर पाडून दाबून धरणे, हे सर्व प्रकार बंद करावेत. अमेरिकेतील प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यक संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या भूमिकेतही सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित पद्धतीचीच शिफारस आहे.

कडू स्प्रे किंवा मिरचीपूड लावल्याने फायदा होतो का?

दुकानात मिळणारा कडू स्प्रे टेबलाच्या पायावर किंवा दाराच्या चौकटीवर काही दिवस फवारल्यास मदत होते. मात्र तो वरचेवर लावावा लागतो आणि काही पिल्लांना कडू चवीचे काहीच वाटत नाही. मिरची कधीही लावू नये. ती डोळ्यांत आणि नाकात जाते, आणि पिल्लाला तिचा त्रास झाला तरी दोष टेबलाचा आहे हे कळण्याची शक्यता नसते.

पिल्लू हातापायांना आणि मुलांच्या कपड्यांना चावते. हे आक्रमक होण्याचे लक्षण आहे का?

बहुतेक वेळा नाही. तो खेळ असतो. दात किती जोराने लावावा याचे पहिले धडे पिल्लू भावंडांसोबत खेळताना घेते : जोरात चावले की समोरचे केकाटते आणि खेळ थांबतो. मुंबईत जेमतेम महिन्याभराची पिल्ले विकली जातात, त्यांचा हा अभ्यासक्रम अर्धवट राहिलेला असतो. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. विकत घेणाऱ्यांनी हा नियम विक्रेत्याला जरूर ऐकवावा.

दात लागताच खेळ थांबवावा, हात स्थिर ठेवावा आणि अर्धा मिनिट उठून बाजूला व्हावे. परत आल्यावर हाताऐवजी खेळणे पुढे करावे. हात झटकला तर पिल्लाला तो पळणारा उंदीर वाटतो. मुलांना पळू नये असे सांगून उपयोग नसतो, म्हणून मुलांच्या खेळाच्या वेळी पिल्लाला घरातल्या छोट्या कुंपणामागे चघळायला काहीतरी देऊन बसवावे. लहान मूल आणि पिल्लू यांना मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय एकत्र सोडू नये.

खेळताना दात लागून रक्त आले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ‘घरचेच पिल्लू आहे’ या कारणावरून रेबीजची शक्यता स्वतःच्या मनाने नाकारू नये. पिल्लाला रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात दिली जाते, तोवर तर नाहीच.

संध्याकाळी सातनंतर ते अक्षरशः वेडेपिसे होते. अजून व्यायाम द्यावा का?

बहुधा झोप द्यावी. लहान पिल्लू दिवसाचे अठरा ते वीस तास झोपते. छोट्या घरात टीव्ही, प्रेशर कुकर, दाराची बेल, मुलांची शिकवणी आणि येणारेजाणारे यांमुळे त्याची झोप पुरी होत नाही, आणि पेंगुळलेले मूल जसे किरकिर करते तसे पिल्लू चावत सुटते. तासभर जागे राहिल्यावर त्याला पंख्याखालच्या शांत कोपऱ्यात, कुंपणात किंवा उघड्या पिंजऱ्यात न्यावे आणि चघळायला काहीतरी द्यावे. दहा मिनिटांत ते झोपते. पिंजरा शिक्षेसाठी कधीही वापरू नये, नाहीतर ते तिथे झोपणार नाही.

आम्ही दोघे नोकरी करतो. घर दिवसभर बंद असते. काय करावे?

स्पष्ट सांगायचे तर, तीनचार महिन्यांच्या पिल्लाला दहा-बारा तास एकटे ठेवणे योग्य नाही. विरार किंवा बदलापूरहून दक्षिण मुंबईत रोज ये-जा करणाऱ्या जोडप्याने मदतीची व्यवस्था नसताना पिल्लू आणूच नये, असे माझे मत आहे; मोठे, शांत स्वभावाचे कुत्रे दत्तक घेण्याचा पर्याय त्यांच्यासाठी अधिक सोयीचा आहे. लघवी रोखून धरण्याची क्षमता ढोबळमानाने वयाचे महिने अधिक एक, एवढे तास असते. म्हणजे तीन महिन्यांचे पिल्लू जास्तीत जास्त चार तास धरून ठेवेल. दुपारी आजीआजोबा, शेजारी किंवा पगारी माणूस यांपैकी कोणीतरी येऊन त्याला बाहेर नेईल, खाऊ घालेल आणि थोडा वेळ खेळेल, ही सोय पिल्लू येण्यापूर्वीच करावी.

एकटे राहणे हेसुद्धा शिकवावे लागते. सुरुवातीला दोन मिनिटे दुसऱ्या खोलीत जाऊन परत यावे, मग पाच मिनिटे, मग जिन्यापर्यंत. निघताना आणि परतल्यावर मोठा सोहळा करू नये. जुना मोबाइल लावून चित्रण केल्यास पुष्कळ उलगडा होतो. कंटाळलेले पिल्लू आधी झोपते आणि नंतर घरभर फिरून काहीबाही कुरतडते. भेदरलेले पिल्लू मात्र दार बंद होताच ओरडते, लाळ गाळते, आणि मुख्यतः दार, चौकट किंवा खिडकीचे ग्रील ओरबाडते. दुसरा प्रकार एकटेपणाच्या भीतीचा आहे. तिथे नवी खेळणी आणून भागत नाही, पशुवैद्यांशी बोलावे लागते.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत खाली नेऊ नये म्हणतात. आणि माणसांची सवय लवकर लावा, असेही म्हणतात. कोणाचे ऐकावे?

दोघांचेही. जगाची भीती न वाटण्याची पायाभरणी तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात होते, आणि पार्व्हो व डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरील लसींची मालिका सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते; दोन्ही कालखंड एकमेकांवर चढलेले असतात. त्यामुळे पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन फिरवावे. बेस्टची बस, रिक्षाचा हॉर्न, कोळणीची हाक, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री उघडण्याचा आवाज हे सर्व त्याने सुरक्षित अंतरावरून पाहावे आणि प्रत्येक वेळी त्याला खाऊचा तुकडा मिळावा. लस झालेल्या, ओळखीच्या शांत कुत्र्याच्या घरी नेण्यासही हरकत नसते. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा ढोलताशाच्या शेजारी ‘सवय व्हावी’ म्हणून उभे करणे मात्र टाळावे. त्यातून आयुष्यभराची भीती बसते. दिवाळीपूर्वी फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात लावून, सोबत जेवण देऊन, आवाज आठवड्यागणिक किंचित वाढवणे हा त्यापेक्षा चांगला मार्ग आहे.

पावसाळ्यात फिरणे बंद पडते आणि सोफ्याचे हाल सुरू होतात.

साचलेल्या पाण्यातून पिल्लाला चालवू नये, कारण उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यांना होतो आणि कुत्र्यांकडून माणसांनाही होऊ शकतो. पिल्लाला त्याची लस दर वर्षी द्यावी. फेरी हुकली तर त्या दिवशीचे जेवण वाडग्यात न देता घरभर लपवून ठेवावे : काही दाणे पायपुसण्याच्या गुंडाळीत, काही पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगळलेल्या कागदांखाली. नाकाने शोधून खाताना पिल्लू चांगलेच दमते. खोके फाडले तर फाडू द्यावे. तुकडे गिळत नाही एवढे पाहावे.

घरात प्रत्येक जण वेगळे बोलतो. त्याने फरक पडतो का?

फार पडतो. आजी ‘सोड रे’ म्हणते, बाबा ‘ड्रॉप’, मुलगी ‘नो’, आणि कामाला येणाऱ्या मावशी झाडू उगारतात; पिल्लाला यांतून काहीही कळत नाही. बस, ये, सोड, राहू दे असे चारपाच शब्द ठरवून फ्रीजच्या दारावर लिहून लावावेत. मावशींना पिल्लाची भीती वाटत असेल तर झाडूपोछाच्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे. हलता झाडू हे कोणत्याही पिल्लासाठी अनावर आमिष असते आणि भीतीने मारलेला एक फटका पुष्कळ मेहनत वाया घालवतो. जेवताना टेबलाखालून पोळीचा तुकडा देणारे आजोबा मात्र कोणत्याही नियमाला बधत नाहीत. त्यांच्या हाती पिल्लाच्याच खाऊची डबी द्यावी.

पिल्लाने काही घातक गिळले असावे अशी शंका आहे. घरगुती उपाय कोणता?

कोणताही नाही, तात्काळ पशुवैद्यांना फोन करावा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण जास्त मीठ पिल्लाच्या जिवावर बेतू शकते. चॉकलेट, मनुका, कांदा-लसूण, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगम, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, रिमोटमधले बटणासारखे सेल हे सर्व घातक आहे. सोसायटीच्या बागेतली कण्हेर आणि सायकस विषारी आहेत. मनी प्लांटने तोंडाची आग होते आणि लाळ गळते. उंदरांसाठी ठेवलेल्या औषधाचा परिणाम बहुधा दोनतीन दिवसांनी अंतर्गत रक्तस्रावाच्या रूपाने दिसतो, म्हणून पिल्लू ठणठणीत वाटत असले तरी वाट पाहू नये आणि वेष्टन सोबत न्यावे. चालू वायर चावली असेल तर, ते लगेच उठून खेळू लागले तरी, फुप्फुसात पाणी होण्याचा धोका एकदोन दिवस राहतो. मोजा गिळल्यानंतर वारंवार उलट्या होणे आणि जेवण टाकणे हे आतडे अडल्याचे लक्षण आहे.

जवळच्या दवाखान्याची वेळ आणि रात्री कोणते केंद्र उघडे असते, हे आधीच विचारून ठेवावे. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय मुंबईकरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण अंधेरीहून संध्याकाळच्या रहदारीत परळ गाठायला किती वेळ लागेल याचाही विचार करावा.

माती, भिंतीचा चुना, कागद खाण्याची सवय लागली आहे.

आधी जंतांचे औषध वेळच्या वेळी दिले आहे का ते पाहावे आणि आहार पशुवैद्यांना दाखवावा. ते सर्व ठीक असेल, तर कारण बहुधा कंटाळा असतो.

सोसायटीने तक्रार केली आहे. कुत्र्याला लिफ्टमधून नेण्यास मनाई करता येते का?

भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकानुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरण्यासही मनाई करता येत नाही. तथापि, कायदा आपल्या बाजूने असला तरी लिफ्टमध्ये घाबरणारी शेजारीण खरीच असते. लिफ्टचे दार उघडण्यापूर्वी पिल्लाला बसायला शिकवावे, आत नेल्यावर कोपऱ्यात आपल्या पायांपाशी घ्यावे, आणि कोणी घाबरत असेल तर पुढची लिफ्ट घ्यावी. मुंबई महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आणि रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र हाताशी असले की निम्मे वाद तिथेच मिटतात.

प्रशिक्षक नेमावा का? कसा निवडावा?

वर सांगितलेले बहुतेक सर्व घरच्या घरी जमते. तरीही प्रशिक्षक नेमायचा असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारावा : ‘कुत्र्याने ऐकले नाही तर तुम्ही काय करता?’ उत्तरात गळा आवळणारी साखळी, काटेरी किंवा विजेचा पट्टा, अथवा ‘थोडा धाक’ आला, तर पुढे बोलणी करू नयेत. महिनाभर पिल्लाला घेऊन जातो आणि शिकवून परत आणतो, असे सांगणाऱ्यांपासूनही दूर राहावे. पिल्लू तिथे काय सोसते हे आपल्याला दिसत नाही. शिवाय सोफा, चपला आणि टेबलाखालून पोळी देणारे आजोबा आपल्याच घरात असल्यामुळे शिकवणीही तिथेच व्हावी लागते. चांगला प्रशिक्षक पट्टा बहुतेक वेळ आपल्याच हातात देतो आणि पिल्लापेक्षा घरातल्या माणसांना जास्त सूचना करतो.